गुंतवळाची पिशवी

ओवीच्या केसांत फणी अडकली की मालन ओढाओढ करत नसे. बोटांनी एकेक गाठ सोडवत बसायची. पोर चार वर्षांची, पण केस असे दाट आणि कुरळे की बघणारी बाई आधी कौतुक करायची, आणि मग काहीतरी आठवल्यासारखी गप्प व्हायची. कारण केस आईवर गेले होते. आणि आई, म्हणजे मालनची सून प्रणाली, ओवी रांगत होती तेव्हापासून तुरुंगात होती. नणंदेच्या खुनाच्या आरोपावरून.

ती नणंद म्हणजे मालनची पोटची पोर, सानिका.

'वरवंटा खटला' म्हटलं की अख्ख्या महाराष्ट्राला कळायचं. हे नाव बातम्यावाल्यांनी पाडलेलं. त्यांना काय, नाव पाडायचं आणि पुढच्या गावाला जायचं. गारगोटीजवळच्या एका गावातली हायस्कूलची गणिताची मास्तरीण, भर दुपारी, स्वतःच्या घरात, वहिनीच्या हातून मेली. वहिनीनं नंतर वरवंटा धुतला, पाट्यावर जागच्या जागी ठेवला, खोलीला बाहेरून कडी घातली आणि तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसून राहिली. 'थंड डोक्याची सून' हे दुसरं नाव. दोन्ही नावं मालनच्या घराच्या भिंतीत मुरली होती म्हणा ना.

त्या सकाळी भिंतीवरच्या पडद्यावर खटल्याचीच बातमी चालली होती. मालन बंद करणार, तेवढ्यात पडद्यावर एक बाई दिसली. साधा सलवार-कुडता, डोळ्यांवर चष्मा, बोलणं शांत. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतली डॉ. रेश्मा तांबोळी. कोर्टानं तज्ज्ञ म्हणून तिला बोलावलं होतं आणि पत्रकारांनी तिला बाहेर गाठलं होतं.

"केस मुळाशी तयार होत असतो तेव्हा रक्तातलं थोडं थोडं त्यात अडकत जातं," ती सांगत होती. "कातडीबाहेर आला की केस निर्जीव. मग आतलं काही बदलत नाही. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढ. म्हणजे हातभर लांब केसात माणसाच्या मागच्या तीन-चार वर्षांचं रक्त महिन्यामहिन्यानं साठवलेलं असतं. आमचं यंत्र केसाचे बारीक तुकडे विरघळवतं आणि कुठल्या महिन्यात रक्तात काय होतं ते वाचतं."

ह्या यंत्राला लोकांनी 'केशपंचांग' म्हणायला सुरुवात केली होती. मागच्याच महिन्यात पुण्यातल्या एका धनाढ्य बापाच्या पोरानं त्याच यंत्रापुढं नांगी टाकली होती. मैत्रिणीला मारून 'मला वेडाचा झटका आला होता' म्हणाला, आणि केसांत आजाराचा मागमूस नाही. जन्मठेप झाली. लोक खूश झाले. यंत्र चांगलंच आहे, असं तेव्हा मालनलाही वाटलं होतं.

"प्रणालीच्या बाबतीत तुम्ही काय शोधणार?" पत्रकारानं विचारलं.

"शरीर रोगजंतूंशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं. कधीकधी ती चुकून आपल्याच मेंदूवर उलटतात. मग भास होतात, घरची माणसं परकी वाटायला लागतात, पुढं ताप आणि झटके येतात. वेळेत औषध मिळालं तर माणूस पूर्ण बरा होतो. प्रणालीला अटकेनंतर असेच झटके आले होते. मेंदूज्वर समजून दवाखान्यात जी औषधं दिली, ती नेमकी ह्याही आजारावर चालतात. वैद्यकीय मंडळानं तिला तपासलं तोवर ती चांगली झालेली होती. मंडळ म्हणालं, ही शहाणी आहे. त्या दिवशी ती शहाणी होतीच. प्रश्न खुनाच्या दिवसाचा आहे."

"मग तपासा की केस."

"दवाखान्यात तिचं डोकं भादरलं. ते केस कचऱ्यात गेले. नंतर उगवलेल्या केसांत त्याआधीचं काही नसतं. त्या काळातले तिचे केस कुठंच नाहीत."

मालनचा हात ओवीच्या डोक्यावर तसाच राहिला. तिनं मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. दारामागच्या खिळ्याला एक जुनी कापडी पिशवी लटकत होती.

त्या पिशवीत काय होतं हे गावातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागलं नसतं. घरातल्या बायका विंचरल्यावर फणीतलं गुंतवळ बोटाला गुंडाळतात, त्याची गुंडी करतात, नजर नको लागायला म्हणून तिच्यावर थू करतात आणि पिशवीत टाकतात. मग कधीतरी 'केसावर भांडीऽऽ' करत बाई दारात येते. तिला केस द्यायचे आणि एखादा स्टीलचा डबा, नाहीतर वाटी घ्यायची. जग इकडचं तिकडं झालं, एसटीला ड्रायव्हर उरला नाही, पण ही बाई काही यायची थांबली नव्हती. मालनच्या घरात तीन बायका, तिघींचे केस एकाच पिशवीत. सानिका गेल्यावर भांडीवाली आली, तेव्हा मालननं तोंडावर दार लावून घेतलं होतं. लेकीची राख नदीला गेली, कपडे वाटून झाले. अंगाचं म्हणावं असं आता त्या पिशवीतलंच काय ते होतं.

आणि त्यातच तिला मारणारीचंही होतं.

हे कुणालाच सुचलं नव्हतं. पोलिसांना नाही, वकिलांना नाही, पुण्याच्या डॉक्टरणीलाही नाही. मालन गप्प बसली असती, तर जगात कुणाला पत्ता लागला नसता.

दुपारी सरकारी वकील निंबाळकर घरी आले. माणूस वाईट नव्हता. येताना ओवीसाठी राजगिऱ्याचे लाडू आणायचा.

"मावशी, पुढच्या तारखेला शेवटचा युक्तिवाद," चहाची बशी खाली ठेवत ते म्हणाले. "तुम्ही फक्त समोरच्या बाकावर बसायचं. मांडीवर सानिकाचा फोटो. बाकीचं माझ्यावर सोडा. मी फाशी मागणार हाय."

"साहेब," मालन म्हणाली, "ती खरंच आजारी असली तर?"

निंबाळकरांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "आजारी माणूस हत्यार धुवत न्हाई, मावशी. कडी लावत न्हाई. आपण काय केलं ते तिला पुरतं कळत होतं. आणि आता केस तरी कुठं हाईत? तो विषय संपला."

मालननं मान हलवली. वकील गेले तरी ती तिथंच बसून राहिली. त्या दुपारचा उंबरा तिच्या डोळ्यांसमोर आला होता. ती शेतातून आली तेव्हा प्रणाली ओवीला थोपटत होती, चेहरा अगदी निवांत. "आत्याबाई, घाबरू नका," ती म्हणाली होती. "वन्सं मळ्याकडं गेल्यात. आत त्यांचं सोंग घेऊन कोणतरी आलं हुतं, ओवीला न्यायला. मी कडी लावलीया. आता ते बाहेर यायचं न्हाई."

हे मालननं त्याच दिवशी पोलिसाला सांगितलं होतं. तो म्हणाला, बाई, ही नाटकं असतात, राहू दे ते. आणि तिनं राहू दिलं. कोर्टात जेवढं विचारलं तेवढंच सांगितलं. तिला ते राहूच द्यायचं होतं. लेकीचं रक्त पुसायचे हात अजून तिला स्वप्नात ओले लागायचे. सुनेच्या मनात काय होतं ह्याची उठाठेव तिनं कशाला करावी?

पण आता मागचंही आठवायला लागलं. त्याआधीच्या दिवाळीपासूनच प्रणाली सानिकाच्या हातचं खाईना. आरशाला टॉवेल टाकायची. सानिका शाळेतून आली की ओवीला पोटाशी धरून कोपऱ्यात जायची. घरात सगळे म्हणाले, नणंद-भावजयीचं बिनसलंय, होईल सरळ. मग म्हणाले, बाहेरचं काहीतरी असंल. लिंबू उतरवायला देवऋषाकडं नेलं, ते मालननंच. दवाखान्याचं नाव कुणी काढलं नाही.

मालनला राग आला. प्रणालीचा आला, देवऋषाचा आला, त्या पुण्याच्या बाईचा तर फारच आला. निवांत लेकीचं दुःख करावं म्हटलं, तर तेही हिनं धड करू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटलेला होता. मालन दारामागची पिशवी घेऊन बंबापाशी आली. आत टाकली की झालं. जरा घाण वास येईल, मग सगळं मिटेल. फाशी होईल. ती काय आपण देणार आहोत? कोर्ट देईल.

तिनं पिशवीचं तोंड उघडलं आणि माक्याच्या तेलाचा वास आला. सानिका दर रविवारी माक्याचं तेल लावायची. मालन तिथंच दगडावर बसली आणि पिशवी पोटाशी धरून रडली, अगदी मोकळं, आवाज काढून. इतक्या वर्षांत ती अशी रडली नव्हती.

ओवी चड्डीवर, नुसत्या अंगानं, टॉवेल ओढत आली. आजी रडते हे तिला नवीन नव्हतं. तिनं पिशवीत डोकावून पाहिलं.

"आज्जी, ह्यात माझे पण हाईत?"

"हाईत की. वरचे तुझेच."

"आत्तूचे?"

"हे बघ, हे सरळ, पिंगट. हे आत्तूचे."

ओवीनं त्या गुंडीवर बोट फिरवलं. मग जरा वेळानं, जपून, तिनं विचारलं, "आणि आईचे कुठले?"

त्या घरात 'आई' हा शब्द कुणी काढत नसे. ऋतुराज, मालनचा मुलगा, बायकोचं नाव निघालं की ताटावरून उठायचा. अंगणवाडीत मात्र पोरं नाव काढायची आणि काय म्हणून काढायची तेही मालनला ठाऊक होतं. त्या पोरीनं आजवर एकदाही घरी येऊन विचारलं नव्हतं.

मालननं पिशवीत हात घातला. तिला शोधावं लागलं नाही. काळी, कुरळी, दाट गुंडी तिनं बाहेर काढून ओवीच्या तळहातावर ठेवली. पोरीनं ती आपल्या केसांना लावून पाहिली. सारखीच होती. ती नुसती हसली आणि मूठ मिटली.

बंबातला जाळ खाली बसला. त्या दिवशी कुणाला धड गरम पाणी मिळालं नाही.

संध्याकाळी ऋतुराज साखर कारखान्यातून आला. मालननं पिशवी त्याच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. तो ताटावरून उठला नाही.

"आई, सानी माझी पण बहीण हुती," तो म्हणाला. "मला न्हाई कळत मी काय मागू. ती आजारी निघाली तर मग मी तिला दवाखान्यात का न्हेलं न्हाई, ते मला सांग."

"ते आपण दोघं मिळून सोसू," मालन म्हणाली. "आधी खरं काय ते तर कळू दे."

प्रणालीची वकीलबाई सरकारनंच दिलेली, नवखी पोर. पिशवी बघून तिनं लगेच कोर्टाला अर्ज लिहायला घेतला. कोर्टानं पंचांसमोर पिशवीला सील ठोकलं आणि मालन, ऋतुराज, कोर्टाचा माणूस असे सगळे पुण्याला गेले. बिनड्रायव्हरच्या एसटीत कंडक्टर मात्र अजून माणूसच होता, आणि सीलबंद पिशवी मांडीवर घेतलेल्या बाईला त्यानं न विचारता खिडकीची जागा दिली.

प्रयोगशाळेत डॉ. तांबोळींनी मोठ्या पांढऱ्या टेबलावर गुंड्या एकेक करून मांडल्या.

"माझी एक अट हाय," मालन म्हणाली. "माझ्या पोरीचे केस विरघळवायचे न्हाईत. जसे हाईत तसे मला परत पायजेत."

"मान्य. पण मग कुठली गुंडी कुणाची हे कोर्टाला पटेल असं सिद्ध करावं लागेल. रंगावरून चालणार नाही. गळलेल्या केसाला मूळ धड नसतं, त्यामुळं ओळख पटवणं अवघड..." बोलता बोलता ती थांबली आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "मावशी, टाकताना थू करायची पद्धत आहे ना तुमच्यात?"

"मग? तसंच टाकतं का कोण?"

"माझी नानी मिरजेची. तीही करायची, आणि मी केलं नाही की पाठीत धपाटा घालायची." डॉक्टरणीनं हातमोजे चढवले. "थुंकीत माणसाची पक्की ओळख असते. वाळून गेली तरी राहते. म्हणजे प्रत्येकीनं आपापल्या गुंडीवर सही करून ठेवली आहे."

भांडीवाली खुनाआधीच्या नवरात्रात पिशवी रिकामी करून गेली होती, हे तिच्याच जबानीतून कळलं. म्हणजे प्रणालीच्या तळाच्या गुंड्या तेव्हाच्या, वरच्या खुनाच्या आठवड्यातल्या. तारखा लावायला तेवढं पुरलं. ओवीच्या गुंड्या त्यानंतरच्या, त्या मालननं घरी आणल्या.

तपासणीचा निकाल कोर्टातल्या पडद्यावर दिसला. मेंदूवर उलटलेल्या प्रतिपिंडांची एक रेघ. नवरात्रापर्यंत सपाट, दिवाळीच्या सुमारास उठलेली, मग चढत चढत गेलेली. रेघ सगळ्यात उंच होती तिथंच ती दुपार होती.

कोर्टात कुजबुज झाली. पिंजऱ्यातली प्रणाली त्या रेघेकडं बघत होती. बारीक झाली होती, केस खांद्यापर्यंत आले होते.

निंबाळकर उठले. "आजार होता हे सरकारला मान्य आहे," ते म्हणाले. "पण कायदा नुसत्या आजाराला सूट देत नाही. त्या क्षणी आपण काय करतोय हे आरोपीला कळत नव्हतं, असं दिसलं पाहिजे. हजारो आजारी माणसं खून करत नाहीत. डॉक्टर, तुमचं यंत्र मनातलं सांगतं का?"

"नाही," डॉ. तांबोळी म्हणाल्या. "रक्तातलं सांगतं. मनातलं सांगणारं यंत्र नाही."

ते खरं होतं, आणि निंबाळकरांचा मुद्दा रास्तही होता. न्यायाधीशबाई लेखणी खाली ठेवून विचार करायला लागल्या.

मालन समोरच्या बाकावर बसली होती. मांडीवर सानिकाचा फोटो. ती फोटो घेऊनच उठली.

"बाईसाहेब, मला सांगायचं हाय."

साक्षीदार पुन्हा बोलवायला कोर्टानं परवानगी दिली. मालननं उंबऱ्यातलं सगळं सांगितलं. सोंग घेऊन आलेलं कोणतरी, लावलेली कडी, निवांत चेहरा. शब्दाला शब्द. पाट्यावर ओला वरवंटा बघून तो का धुतला ते तिनं त्याच वेळी विचारलं होतं, तेही सांगितलं. प्रणाली म्हणाली होती, खरकटा झाला हुता.

निंबाळकरांचा आवाज खाली आला. "मावशी, हे आधी का सांगितलं नाही?"

"पहिल्या दिवशी सांगितलं हुतं. पोलीस म्हणाला, राहू दे. मी राहू दिलं. मला तिला फासावर बघायचं हुतं."

"आणि आता? राग गेला?"

"न्हाई. राग हाय, तो जायचा न्हाई." मालननं फोटो कठड्यावर नीट उभा केला. "माझ्या पोरीला ज्यानं मारलं त्याला शिक्षा व्हावी, एवढंच मला पायजे. ते कोण हुतं ते आता त्या केसात निघालं. त्याला फाशी देता येत न्हाई. हिला फाशी देऊन ते मरायचं न्हाई, ते दुसऱ्याच्या घरात शिरंल."

निंबाळकर खाली बसले.

निकाल लागला. खून प्रणालीच्या हातून झाला. पण तेव्हा आपण काय करतोय हे कळण्याच्या स्थितीत ती नव्हती, म्हणून ती दोषी नाही. तिला घरी सोडणार नाहीत, मनोरुग्णालयात कोर्टाच्या देखरेखीखाली ठेवतील, आणि डॉक्टरांचा अहवाल बघून पुढचं ठरवतील. बाहेर घोषणा झाल्या. 'पैशानं फोडली असंल म्हातारी' असंही एक जण म्हणाला. मालननं त्याच्याकडं बघितलं आणि त्याला वाट द्यायला लावून निघून गेली.

पुढं काय काय झालं म्हणता. शहरात लोक केस पुड्यांत भरून तारखा घालून ठेवायला लागले. कुठं तरी एका गुंडानं म्हणे आधी टक्कल केलं आणि मग सुरा उचलला, ते टक्कलच त्याच्या अंगाशी आलं. तालुक्यातल्या भांडीवालीला कुणी केस देईना, तेव्हा तिनं मालनच्या दारात येऊन यथेच्छ शिव्या घातल्या आणि चहा पिऊन गेली. पण एक गोष्ट खरंच चांगली झाली. पंचक्रोशीत एखादी बाई अचानक वेडंवाकडं बोलायला लागली की तिला आधी रक्त तपासायला नेऊ लागले. पलीकडच्या गावातली एक बाळंतीण अशीच वेळेवर बरी होऊन आली. तिची सासू मालनला भेटायला आली आणि नुसते हात धरून बसली.

जायचं की नाही ह्यावर मालन महिनेच्या महिने स्वतःशी भांडली. मग एका रविवारी तिनं ओवीची वेणी घातली आणि पिशवी घेतली.

मनोरुग्णालयाच्या आवारात आंब्याखाली बाक होते. प्रणाली आली, आणि समोर सासू बघून लांबच उभी राहिली. आता तिला सगळं कळत होतं. आपल्या हातानं काय झालं ते रोज सकाळी नव्यानं कळत होतं. तिच्यासाठी कोर्टाला वेगळी शिक्षा शोधायची गरजच नव्हती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "वन्सं..."

तुला माफ केलं, असं म्हणायला मालन आली नव्हती. ते अजून तिच्याकडं नव्हतंच. तिनं बाकावर बसून हातानं आपल्या पायांपुढची जागा दाखवली. प्रणाली खाली बसली. मालननं फणी काढली.

केस पाठीवर आले होते आणि त्यांना कुणी तेल दाखवलेलं दिसत नव्हतं. मालन हळूहळू विंचरू लागली. फणी अडकली की बोटांनी गाठ सोडवायची, पुन्हा विंचरायची. प्रणालीचे खांदे हलत होते. ओवी आधी लांब उभी राहिली, मग जवळ आली, मग आईच्या गुडघ्याला टेकली.

फणीतलं गुंतवळ मालननं बोटाला गुंडाळलं आणि गुंडी प्रणालीच्या तोंडापुढं धरली. तिला काही थुंकवेना, ओठच वळेनात. तेव्हा ओवीनं मान पुढं केली आणि आईच्या वतीनं मोठ्यानं थू केलं.

मालननं पिशवीचं तोंड उघडलं. तळाशी सानिकाच्या केसांची पुडी होती, पुण्याहून परत आलेली, जशीच्या तशी. तिनं ती गुंडी पुडीशेजारी ठेवली, पिशवी मांडीखाली दाबून धरली आणि पुन्हा फणी हातात घेतली. मागच्या बाजूला अजून बराच गुंता होता.